मॉडिफाइड पद्मिनीला टायर घेताना या चुका टाळा

प्रीमिअर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईतून निघून गेली, पण हौशी लोकांच्या गॅरेजात या गाड्या अजून टुणटुणीत आहेत. इंजिन ट्यून होतं, पुढे डिस्क ब्रेक बसतात, स्प्रिंगा कापल्या जातात, रंगावर तर वेगळंच बजेट असतं. टायरची पाळी येते तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो. मग मिळेल त्या मापाचे, मिळेल त्या वयाचे टायर चढतात आणि गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालायला लागते. चांगली ग्रिप स्वस्तात मिळते, मात्र दुकानात शिरण्याआधी माप ठरलेलं हवं.

रुंद म्हणजे ग्रिप, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास, इंजिन १०८९ सीसीचं, आणि कारखान्यातून निघताना ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवरची. एवढ्या हलक्या गाडीखाली १९५ मिमी रुंदीचे टायर घातले की रबरावर पुरेसा भार येत नाही. टायर तापत नाही, आणि थंड रबर नीट पकड घेत नाही. पावसात तर प्रकरण उलटंच होतं. रुंद आणि कमी भार असलेला टायर पाणी कापण्याऐवजी त्याच्यावर तरंगतो. जुलैत खंडाळ्याच्या घाटात हे लगेच कळतं. शिवाय स्टीयरिंगला पॉवर नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये खांदे भरून येतात ते वेगळंच.

मूळ टायर ५.२०-१४ चा क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे, एकमेकांना छेदणारे असा जुन्या पद्धतीचा) होता. त्याचा व्यास साधारण ६१० मिमी. आता बाजारातली मापं ताडून पाहा (पहिला आकडा रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आर म्हणजे आजच्या पद्धतीचा रेडियल टायर, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). १६५/८० आर१४ चा व्यास ६२० मिमी, १८५/७० आर१४ चा ६१५ आणि १८५/६० आर१५ चा ६०३. तिन्ही मापं मुळाच्या दोन टक्क्यांच्या आत येतात. हौशी मंडळींचा लाडका १९५/५० आर१५ मात्र ५७६ मिमीवर येतो, म्हणजे साडेपाच टक्क्यांनी लहान. गाडी १७ मिमी खाली बसते (स्प्रिंगा कापल्या असतील तर स्पीडब्रेकरला नमस्कारच), मीटरवर ८० दिसतं तेव्हा प्रत्यक्षात ७५ च असतं, आणि एक्स्प्रेसवेवर इंजिन सहा टक्के जास्त फिरत राहतं. चढाला थोडी ओढ वाढते, हे खरं. पण तेवढ्यासाठी हे सगळं सोसायचं का?

माझं मत स्पष्ट आहे. मूळ रिमसारखीच अरुंद रिम असेल तर १६५/८० आर१४, आणि पाच इंची रिम असेल तर १८५/७० आर१४. कारण किमतीचं आहे. पहिलं माप स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलांना येत असे, म्हणून ते गावोगावी मिळतं, प्रत्येक कंपनी बनवते आणि स्पर्धेमुळे भाव आटोक्यात राहतो. दुर्मीळ मापात निवडच नसते. जे मिळेल ते घ्यावं लागतं आणि दुकानदार सांगेल तो भाव द्यावा लागतो.

बाहेरून मागवू म्हणाल तर तेही सोपं राहिलेलं नाही. जून २०२० पासून केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. त्यामुळे परदेशी स्पोर्ट्स टायर एक तर मिळत नाही, नाही तर बजेट मोडतो.

फक्त ‘चांगला टायर द्या’ म्हणणं

दुकानदाराच्या लेखी चांगला टायर म्हणजे जास्त किलोमीटर चालणारा. तुम्हाला हवी ग्रिप. एकाच कंपनीत दोन्ही प्रकार असतात. अपोलोचा अमेझर मायलेजसाठी आहे, तर अल्नॅक पकडीसाठी. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला मायलेजचं रबर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण ते झिजण्याआधी कडक होणार. टायरवर ट्रेडवेअरचा (रबर किती टिकतं याचा) आकडा असेल तर तो बघा. आकडा कमी म्हणजे रबर सहसा मऊ, पण ही तुलना एकाच कंपनीच्या टायरांत करा. वेगाचं अक्षर एस म्हणजे ताशी १८० किमी, ते पद्मिनीला भरपूर झालं. तरी एच किंवा व्ही मिळाला तर घ्या. त्याची बाजू बहुधा ताठ असते आणि वळणावर गाडी कमी डुलते.

तारीख न बघणं

टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुन्या मापाच्या टायरला गिऱ्हाईक कमी, म्हणून तो दुकानात पडून राहतो आणि डिस्काउंटच्या नावाखाली तुमच्या गळ्यात मारला जातो. नखाने दाबून बघा, नख रुतायला हवं. सेकंड-हँड आणि रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले) टायर या गाडीला घेऊ नका, मग नक्षी कितीही खोल दिसो. रिमोल्डच्या आतला सांगाडा किती जुना आहे, तो कधी खड्ड्यात आपटलाय, काही कळत नाही. गोटा झालेला टायर निदान डोळ्यांना दिसतो. कायद्याने नक्षी किमान १.६ मिमी हवी, पण पावसाळ्यात तीनच्या खाली गेली की बदलाच.

आधी टायर, मग रिम

क्रम उलटा हवा. आधी ब्रेक, मग रिम, शेवटी टायर. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकतीला दोन्हीकडून दाबणारा भाग) १४ इंची रिमच्या आत मावतो का, हे टायर घेतल्यावर कळून उपयोग नाही. रिमची रुंदी टायरची कड बसते त्या आतल्या बैठकीपासून मोजायची. बाहेरच्या कडेपासून मोजली तर साधारण इंचभर जास्त भरते आणि चुकीचा टायर येतो. १८५/७० ला साडेचार ते सहा इंच रिम चालते. जुन्या लोखंडी रिमला बऱ्याचदा आतला उंचवटा नसतो. हवा कमी असताना तोच टायरची कड जागेवर धरून ठेवतो. तो नसेल तर ट्यूबलेसचा नाद सोडा आणि रेडियलची ट्यूब घाला.

रिम मडगार्डच्या बाहेर काढायला स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) लावू नका. बेअरिंग लवकर जातं आणि खड्ड्यागणिक स्टीयरिंग हाताला झटका देतं.

दोनच नवे टायर परवडत असतील तर एका ॲक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉसप्लाय कधीच नको. दोन्ही रेडियल मागे घाला. पुढे घातले तर पुढचा भाग धरून ठेवतो आणि ओल्या वळणावर मागचा भाग सुटतो.

बसवल्यावर गाडी नीट चालत नसेल तर

पंपावरचा पोरगा सवयीने ३३ पीएसआय भरतो. पद्मिनीला ते जास्त आहे. मधला पट्टा झिजतो आणि गाडी उड्या मारते. २८ पासून सुरुवात करा, नक्षीवर खडूची आडवी रेघ मारा आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवा. रेघ मधूनच पुसली गेली तर हवा जास्त, फक्त कडांनी गेली तर कमी.

सत्तर-ऐंशीला स्टीयरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग. तरी थांबलं नाही तर अलॉयचं मधलं भोक हबला घट्ट बसतं का ते तपासा. आतली कड झिजत असेल किंवा नक्षी करवतीसारखी झाली असेल तर अलाइनमेंट. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत. गाडी रेषेत न राहता भटकत असेल तर दोष टायरला देऊ नका. स्टीयरिंगच्या सांध्यांतली जी ढिलाई क्रॉसप्लायखाली झाकली जात होती, ती रेडियलने उघडी पाडली आहे. बुश आणि जोड बदलून घ्या. टायर घासतो का हे मात्र रिकाम्या गाडीत बघू नका. चौघांना बसवा, स्टीयरिंग पूर्ण वळवा आणि मग खड्ड्यातून न्या.

अलॉय बसवल्यावर शंभरेक किलोमीटरने नट पुन्हा आवळायचे. डिकीतली स्टेपनी जर जुन्या लोखंडी रिमवर असेल तर तिचे मूळ नट एका पिशवीत तिच्यासोबतच ठेवा, कारण अलॉयचे नट तिला बसतीलच असं नाही.