कुऱ्हाड कुठे ठेवतात, ते आधी विचारा

लोक आपलं जंगल कसं राखतात याच्या अभ्यासाला पहिल्यांदा गावात गेले तेव्हा माझ्याकडे १४ पानांची प्रश्नावली होती. सातवा प्रश्न: 'जंगल राखणं तुम्हाला महत्त्वाचं वाटतं का?' ६० घरं झाली, ६० वेळा 'हो' आलं. शेवटच्या घरातल्या आजींनी तेवढं उलट विचारलं, "नाही म्हटलं, तर काय लिहिशील गं पोरी?" मी हसून वेळ मारून नेली.

या क्षेत्रात येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते. लोकांना संवर्धन पटवून द्यायला आपण निघालोय, असं वाटत असतं. पण जिथे लोकांनी जंगल, तळं किंवा किनारा आपणहून राखलाय, तिथे पटवायचं काहीच नसतं. नियम कोणी केले, ते कोणाला जाचतात आणि मोडले तर पुढे काय होतं, एवढं शोधायचं असतं.

मला हे कळलं ते गावाच्या वनसमितीच्या अध्यक्षांच्या घरी, पाणी प्यायला थांबले तेव्हा. दाराआड तीन कुऱ्हाडी टेकवलेल्या होत्या, प्रत्येकीच्या दांड्याला ओळखीसाठी चिंधी बांधलेली. ओली झाडं तोडताना पकडलेल्यांच्या होत्या त्या. मी समितीची नोंदींची वही बघायला मागितली. पहिल्या खेपेला समज, दुसऱ्या खेपेला दंड, तिसऱ्या खेपेला भर सभेत जाब. एक नाव मात्र पाच वेळा आलेलं, आणि दंडाचा रकाना पाचही वेळा कोरा. ती बाई एकटी राहायची, चुलीत घालायला दुसरं काही नव्हतं. तिची कुऱ्हाड संध्याकाळी जप्त व्हायची आणि सकाळी परत जायची. नियमही राहिला, बाईही राहिली. माझ्या १४ पानांत यासाठी एकही चौकट नव्हती.

पुस्तकं नंतर नीट कळली. अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचं उदाहरण मांडलं: प्रत्येक जण आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. मग सरकारी ताबा किंवा खासगी मालकी, एवढेच मार्ग उरल्यासारखे वाटतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी खरोखरची कुरणं, जंगलं, पाटबंधारे तपासले आणि लोक आपसांत नियम करून पिढ्यान्‌पिढ्या ते पाळतात, हे दाखवलं. त्या राज्यशास्त्राच्या, २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला. त्यांनी वापरलेलं स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचं उदाहरण मला फार आवडतं. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या, हा तिथला नियम १५१७ पासूनचा. मोजणीला बाहेरचा माणूस नको, शेजाऱ्याचा गोठा शेजाऱ्याला दिसतोच. चढत्या क्रमाची शिक्षा हेही ऑस्ट्रॉम यांच्या आठ तत्त्वांपैकी एक. म्हणजे ती वही. पण ही आठ तत्त्वं घेऊन गावात बरोबर-चूकच्या खुणा करत फिरू नका. ती प्रश्न सुचण्यासाठी आहेत, गावाला गुण द्यायला नाहीत.

'सगळ्या गावाचं असं म्हणणं आहे' हे वाक्य माझ्या वहीत आलं की मी थांबते. सभेत बोललं कोण? अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी भारत आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास केला, त्यात कार्यकारिणीत बायका जास्त असलेल्या गटांच्या जंगलांची स्थिती सुधारलेली दिसली. यात मला नवल वाटत नाही. सरपणाला रोज जाणारीला कुठली वाट नव्याने पडलीय ते आधी कळतं. त्यामुळे सभा संपल्यावर लगेच निघू नका, बायकांबरोबर जंगलात जा. माझी निम्मी माहिती त्या चालण्यातली आहे.

कागदही वाचायला शिका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. हक्क मिळाला म्हणजे माल विकता आला असं नाही. मधली दोन वर्षं हाच अभ्यासाचा विषय.

पदवी कुठलीही चालते. समाजशास्त्रवाल्यांनी झाडं ओळखायला आणि थोडी संख्याशास्त्राची आकडेमोड शिकावी, वनस्पतिशास्त्रवाल्यांनी गप्प बसून ऐकायला. दुसरं जास्त अवघड आहे. आणि प्रकल्प दोन-तीन वर्षांचा असतो, जंगलाला तेवढ्यात फरक पडत नाही. अहवालात 'परिणाम' लिहिताना हात आखडता घ्या.

त्या बाईची गोष्ट अहवालात लिहू की नको, यावर मी महिनाभर अडले होते. नाव बदललं तरी एवढ्याशा गावात ती कोण हे कोणालाही कळलं असतं, आणि अहवाल वन खात्यातही जाणार होता. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "माझं लिहू नका. कुऱ्हाडी दाराआड ठेवतात, ते लिहा." अहवालात तेवढंच गेलं. इथे लिहिलंय ते बऱ्याच वर्षांनी, तिच्याशी पुन्हा बोलून, आणि ओळख पटेल असं सगळं काढून.