अँड्रॉइड ॲपमध्ये लॉगिंग बसवताना: टिंबर, एक फाइल आणि 'लॉग पाठवा' बटण

मी दूध संकलन केंद्रांसाठीचं ॲप सांभाळतो. सकाळी रांग लागलेली असते, नेट ये-जा करत असतं आणि सचिवांचा फोन येतो, "साहेब, काटा जोडंना झालाय." तो मोबाइल माझ्या यूएसबी केबलला कधीच लागणार नाही. म्हणून लॉगिंगची, म्हणजे ॲपमध्ये काय घडलं त्याच्या नोंदी ठेवणारी, लायब्ररी निवडताना पहिला प्रश्न एकच: हा लॉग कोण वाचणार, आणि तो त्याच्यापर्यंत पोचणार कसा?

निव्वळ अँड्रॉइडसाठी मी जेक व्हार्टन यांची टिंबर घेतो. ती छोटी आहे आणि लॉग कुठे जायचा हे आपल्यावर सोडते. आयओएसही त्याच कोटलिन कोडवर चालवायचं असेल, तर कर्मिट बघा.

ॲप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटमध्ये डीबग बिल्डला डीबगट्री लावा; लॉग कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या भागाला टिंबरमध्ये ट्री म्हणतात. टॅग म्हणून क्लासचं नाव ती स्वतःच घेते. बिल्ड डीबगचा आहे का हे ज्यावरून कळतं ते बिल्डकॉन्फिग अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ८ पासून आपोआप तयार होत नाही, ते ग्रेडल फाइलीत चालू करावं लागतं.

खरं काम वापरणाऱ्यांकडे जाणाऱ्या रिलीज बिल्डचं. तिथे स्वतःची ट्री लिहा. व्हर्बोज आणि डीबग या खालच्या पातळीच्या नोंदी ट्रीच्या इझलॉगेबल फंक्शनमध्येच अडवा, म्हणजे मेसेज फॉरमॅट करायचाही खर्च होत नाही. मात्र त्यासाठी मेसेज प्लस लावून जोडू नका, व्हॅल्यू आर्ग्युमेंट म्हणून द्या. इन्फो फाइलीत जाऊ द्या. वॉर्निंग आणि एरर फाइलीत तर जातीलच, शिवाय क्रॅशलिटिक्सलाही (ॲप बंद पडल्याचे अहवाल गोळा करणारी सेवा) द्या. क्रॅशलिटिक्स लॉगचे ६४ केबीच ठेवतं, त्यामुळे प्रत्येक वजनाची नोंद तिथे ओतली तर कामाची ओळच वाहून जाते.

फाइल ॲपच्या आतल्या स्टोरेजमध्ये ठेवा आणि मेन थ्रेडवरून लिहू नका. एकच बॅकग्राउंड थ्रेड पुरतो. मी ५१२ केबीच्या दोन फाइली आलटूनपालटून वापरतो. सेटिंग्जमध्ये 'लॉग पाठवा' बटण द्या आणि फाइलप्रोव्हायडरमार्फत (आतली फाइल दुसऱ्या ॲपला देण्याची अँड्रॉइडची सोय) ती व्हॉट्सॲपवर जाऊ द्या. सचिवांना ते लगेच जमतं.

ओळ कशी असावी? "ब्लूटूथ एरर" वाचून काहीच कळत नाही. "काटा जोडणी तुटली, गॅट स्टेटस १३३, प्रयत्न २, आधीचं वजन सेव्ह झालं" ही ओळ आली (गॅट स्टेटस १३३ हा ब्लूटूथ जोडणीचा एरर कोड) की फोनवरच सांगता येतं: काटा बंद करून चालू करा, नोंद गेलेली नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उत्पादकाचं नाव, मोबाइल नंबर, बँक खातं, लॉगिन टोकन यातलं काहीही लॉगमध्ये जाता कामा नये; सभासद क्रमांक पुरे. सर्व्हरशी बोलणाऱ्या ओकेएचटीटीपी लायब्ररीचा लॉगिंग इंटरसेप्टर बॉडी लेव्हलवर फक्त डीबगमध्ये ठेवा आणि ऑथरायझेशन हेडर रिडॅक्टहेडरने झाकायला सांगा. व्हॉट्सॲपवर गेलेली फाइल पुढे कुठे जाईल हे आपल्या हातात नसतं.

टिंबरसोबत लिंटचे, म्हणजे कोड तपासणाऱ्या टूलचे, नियमही येतात. कुणी थेट अँड्रॉइडचा लॉग वापरला तर ते इशारा देतात. तो इशारा एररवर नेऊन ठेवा, म्हणजे टीममध्ये नवा आलेला माणूसही त्याच वाटेने जाईल.