आईच्या चपला गव्हाच्या कोठीत: वयानं मोठ्या दिव्यांग मुलाला घरी सोडून जाताना या चुका टाळा

इंदूरला राजवाड्यामागच्या आमच्या घरात आईच्या चपला वर्षभर जागेवर सापडल्या नाहीत. कधी गव्हाच्या कोठीत, कधी माळ्यावर. लपवणारा माझा ३४ वर्षांचा भाऊ, बौद्धिक दिव्यांग. चपला नाहीत तर आई जाणार कशी, हा त्याचा हिशेब. तो त्याला आम्हीच शिकवला.

तो पोहे खायला बसला की आई मागच्या दारानं भजनाला सटकायची. त्या दिवसाची रडारड टळायची, पण आई नजरेआड झाली की गेलीच, असं त्यानं धरलं. मग न्हाणीघराच्या दाराशीही बसून राहायचा. रडला तरी सांगूनच निघा. निरोपाचं वाक्य रोज एकच, आणि लगेच पाऊल बाहेर. आमची आई दारातून तीनदा परत यायची, ‘जाऊ ना रे बाळा?’ म्हणत. जायचं ठरलंय तर विचारायचं कशाला?

‘पाच मिनिटांत आले’ हीदेखील चूकच. त्याला घड्याळ कळत नाही, थाप बरोबर कळते. आता फळ्यावर तीन फोटो असतात: आईची पिशवी, त्याचं ताट, पुन्हा आई. जेवण झालं की ताटाचा फोटो तो स्वतः फळ्यावरून उतरवतो, आणि तेवढ्यात आईनं यायचंच. सुरुवात शेजारच्या काकूंकडे, खरोखरच्या पाच मिनिटांनी केली. तो शांत राहिला की वेळ वाढवायची, बिघडलं की पुन्हा कमी.

‘तो आहेच तसा’ असं शिकलेली माणसंही म्हणतात. चिकटणं अचानक वाढलं तर आधी दात, कान, पोट दाखवा. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइडही. तो दिवसा जात असेल त्या केंद्रातल्या ताई बदलल्या का, तेही विचारा. जवळचं माणूस दूर गेलं की वाटणारी ही चिंता (सेपरेशन अँग्झायटी) वयाच्या अठराच्या आतच सुरू झालेली हवी, ही निदानाची अट डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनं २०१३ सालीच काढून टाकली. मोठ्या माणसांत त्रास साधारण सहा महिने टिकला तर निदान होऊ शकतं. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन आहे.

आणि अंघोळ, जेवण, औषध सगळं आईच्याच हातून नको. अंघोळ आता माझ्याकडे आहे, पहिले पंधरा दिवस साबण अंगावर कमी, भिंतीवर जास्त लागला.

गेल्या आठवड्यात चपला जागेवर होत्या. पिशवी फ्रीजमध्ये सापडली.