जुन्या टर्बो डिझेलचं अ‍ॅव्हरेज पडलं? आधी हवेचे पाइप बघा, टर्बो शेवटी

गाडी जास्त डिझेल खाऊन राहिली म्हटलं की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिलं उत्तर येतं, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला. माझं म्हणणं एवढंच की स्विफ्ट, व्हिस्टा, वर्ना, स्कॉर्पिओ, दहा-बारा वर्षं जुनी कोणतीही असू द्या, टर्बोवर पैसे लावायच्या आधी बाकीचं तपासून घ्या भाऊ, कारण बरेचदा टर्बो आपलं काम नीट करत असतो आणि त्याने दाबलेली हवा वाटेतच निसटून राहिली असते.

पहिले खरं अ‍ॅव्हरेज काढा. ऑटो कटपर्यंत टाकी भरायची, ट्रिप मीटर झिरो करायचा, रोजच्यासारखी गाडी चालवायची आणि परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरायची. ४८० किमी चालली आणि ३२ लिटर बसलं तर १५ चं अ‍ॅव्हरेज. ऑटो कट झाल्यावर "अजून थोडं टाक" म्हणू नका, सगळा हिशोब बिघडतो. आणि तुलना सारख्याशी करा: नागपुरात सीताबर्डी-सदरच्या ट्रॅफिकमधली टाकी वेगळी, समृद्धीवर १२० ने शिर्डीपर्यंत नेलेली वेगळी, तिथे हवेचा अडथळाच इतका वाढतो की अ‍ॅव्हरेज पडणारच, तो गाडीचा फॉल्ट नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसभर एसी चालतो, ती टाकी जानेवारीच्या टाकीशी लावू नका.

आकडा खरंच पडला असेल तर आधी स्वस्तातलं. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिली तेवढी. मग रिंग रोडवर थोडं फिरवून या, ब्रेक कमीत कमी वापरा, थांबल्यावर हात न लावता नुसता प्रत्येक चाकाजवळ न्या, एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक जाम आहे. एअर फिल्टर तर आपल्याकडच्या धुळीत मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट न पाहता उघडून बघत जा.

आता मुख्य गोष्ट. टर्बोतून इंटरकूलरला (दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनला जाणारे रबरी पाइप (काही छोट्या इंजिनांत इंटरकूलर नसतो, पाइप सरळ जातो). विदर्भातल्या उन्हात बोनेटखाली हे रबर कडक होतं आणि फाटतं ते बहुतेक खालच्या बाजूने नाहीतर क्लॅम्पच्या अगदी कडेला, म्हणजे वरून पाहिलं तर पाइप ठणठणीत दिसतो. इंजिन बंद, पूर्ण थंड, मोबाइलचा टॉर्च खालून मारा आणि पाइप हाताने पिळून बघा. भेग असेल तर तिथे तेलकट काळी धूळ बसलेली दिसते, कारण ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ हवेच्या पाइपात सोडणारी नळी) येणारं थोडं ऑइल हवेसोबत बाहेर उडतं. पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर असतोच, तेवढ्यावर कोणी टर्बो खराब म्हटलं तर मानू नका, ऑइल साचलेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. लीकची बाकी लक्षणं म्हणजे चढावर, समजा वर्धा रोडच्या फ्लायओव्हरवर चढताना, फुस्स असा आवाज, मागे काळा धूर, आणि पिकअप नसल्यामुळे तुमचा पाय आपोआप जास्त दबून राहतो. डिझेल तिथेच जातं.

पाइप ठीक निघाले तर ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) लावा. चावी ऑन, इंजिन बंद असताना मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) नागपुरात ९६ ते ९८ किलोपास्कलच्या आसपास दिसायला पाहिजे, म्हणजे बाहेरच्या हवेएवढंच, फारच वेगळं दिसलं तर सेन्सरवरच संशय. मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या, आकडा शेजारी बसलेल्याला वाचू द्या, बहुतेक गाड्यांत १८० च्या पुढे जातो. नाही गेला तर व्हीजीटी टर्बोवाल्यांनी (यात आतल्या पात्या फिरून दाब कमी-जास्त होतो; व्हिस्टातल्या १.३ लिटर इंजिनच्या ९० पीएसमध्ये हा आहे, ७५ पीएसमध्ये साधा) त्या पात्या हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या बारीक व्हॅक्यूम नळ्या बघा, त्या नळ्या स्वस्त असतात आणि टर्बो महाग. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बनने उघडा अडकला तरी असाच काळा धूर निघतो.

कूलंटचं तापमानही त्याच स्क्रीनवर बघा. अर्धा तास चालवूनही ८० डिग्रीच्या खालीच राहत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला, इंजिन थंड समजून जास्त डिझेल टाकतं. हिवाळ्यात हे जास्त जाणवतं. इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल मोजणं) मात्र फ्युएल पंपवाल्याकडूनच करा, कॉमन रेलमधलं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारा पाइप) प्रेशर इतकं असतं की चालू इंजिनवर पाइप सैल केला तर डिझेल कातडीत घुसतं, घरी अजिबात नको.

एवढं होऊनही बूस्ट (टर्बोचा दाब) नसेल तर टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून घ्या आणि शाफ्ट (मधला दांडा) हलवा. आडवा किंचित हलला तर चालतं, आत-बाहेर खेळ जाणवला किंवा पाती घासल्याची खूण दिसली तर टर्बो खरंच गेला. आणि काहीही बदललं तरी एका वेळी एकच गोष्ट बदला, मग एक पूर्ण टाकी चालवून त्याच पंपावर मोजा, मगच पुढच्या पार्टला हात लावा.