अ‍ॅटलासच्या खांद्यावर वजन कसं आणावं: पूर्वरेखाटनाची पद्धत

अ‍ॅटलासचं चित्र रंगवण्याआधी पूर्वरेखाटन करणार असाल, तर पृथ्वीचा गोल आधी डोक्यातून काढून टाका. ग्रीक पुराणकथेत टायटन (जुन्या पिढीचे देव; अ‍ॅटलास त्यांच्यातलाच) देवांचा राजा झ्यूसकडून हरले आणि अ‍ॅटलासला शिक्षा झाली ती आकाश पेलण्याची. इटलीतल्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातला ‘फार्नेसे अ‍ॅटलास’ हा पुतळा पाहा. त्याच्या खांद्यावरच्या संगमरवरी गोलावर नक्षत्रांच्या आकृत्या कोरल्या आहेत.

त्याच्यासारखीच एक गुडघा टेकलेली पोझ घ्या. दोन-दोन मिनिटांची सात-आठ रेखाटनं केलीत की ती हातात बसते.

अवघड आहे ते वजन. ‘दंडाचे स्नायू फुगवा, ताकद दिसेल’ हा सल्ला मी वर्षभर पाळला आणि प्रत्येक अ‍ॅटलासच्या डोक्यावर पोकळ गोल आला. दंड विसरा. हात फक्त गोल सावरतात, भार मानेमागे आणि पाठीवर असतो. मॉडेलच्या खांद्यांवर खरोखर दहा किलो तांदळाची पिशवी ठेवा, पण एका वेळी दोनच मिनिटं; त्यापुढे मान अवघडते. तेवढ्यात टिपून घ्या: मान पुढे येते, हनुवटी खाली जाते, कान आणि खांदा यांच्यात जेमतेम दोन बोटं जागा उरते. मागच्या पावलाची बोटं जमिनीवर दाबून पसरतात.

मग ओळंबा. गवंडी लावतात तसाच, दोऱ्याला किल्ली बांधून. गोलाच्या मध्यातून रेखाटनावर सरळ खाली रेघ ओढा. ती पुढचं पाऊल आणि मागच्या पायाची बोटं यांच्या मधे पडायलाच हवी. माणसाच्या अंगाचं वजन इथे हिशेबात धरू नका. वर अख्खं आकाश आहे. रेघ बाहेर गेली तर आकृती कलंडणार आणि कितीही शेडिंग करा, ती सावरत नाही. अशा एका आकृतीवर मी तीन दिवस छाया भरत बसलो आणि शेवटी कंबरेच्या वरचं सगळं पुसलं. म्हणून ओळंबा जुळेपर्यंत छायेला हात लावायचा नाही, मग पोझ कितीही सुंदर दिसत असो.

प्रकाश एकाच बाजूचा ठेवा. सगळ्यात गडद कोळसा गोलाखाली, मानेच्या खोबणीत.

शेवटी चौकोनांची जाळी आखून रेखाटन कॅनव्हासवर उतरवा. ओळंब्याची रेघही उतरवा आणि रंगाचा पहिला थर वाळेपर्यंत ती पुसू नका.