बरणीतली ओल ओळखा: गांजाचा फुलोरा मुरवताना घ्यायची काळजी

(हा सल्ला फक्त जिथे कायदा परवानगी देतो तिथल्या परवानाधारक उत्पादकांसाठी आहे. परवान्याशिवाय ही लागवड अनेक ठिकाणी गंभीर गुन्हा ठरते. परवान्यातल्या साठवणुकीच्या आणि नोंदींच्या अटी आधी वाचा.)

काढणी झाली, झुबके उलटे टांगून सात ते चौदा दिवस वाळवले, बारीक काडी वाकवली की कट्कन मोडते आहे. इथपर्यंत आलं की माल तयार झाला असं वाटतं आणि हात आपोआप मुरवण्याच्या, म्हणजे वाळलेला फुलोरा काही आठवडे बंद ठेवून सुगंध खुलवण्याच्या, बरण्यांकडे जातो. सगळ्यात जास्त माल याच टप्प्यावर बिघडतो. फुलोरा बाहेरून वाळतो लवकर, आतून वाळतो उशिरा. हाताला कुरकुरीत लागणाऱ्या जाड कळीच्या देठात अजून ओल असते. बरणीत बंद झाल्यावर ती हळूहळू बाहेर सरकते आणि काल कोरडी वाटलेली कळी आज बोटाला मऊ लागते.

म्हणून बरणीत आर्द्रतामापक हवाच. पण त्याचा आकडा कधी वाचायचा, हे आधी समजून घ्या. समजा संध्याकाळी बरणी भरली आणि तासाभराने मापकावर 56 टक्के दिसले. मन निवांत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बरणीत 71 दिसतात. मापक बिघडलेला नाही. संध्याकाळी तो बरणीत कोंडलेली खोलीची हवा मोजत होता, सकाळी फुलोऱ्यातून सुटलेली ओल मोजतो आहे. फुलोरा आणि भोवतालची हवा यांचा तोल बसायला वेळ लागतो, म्हणून झाकण बंद केल्यापासून किमान बारा, शक्य असेल तर चोवीस तासांनी दिसणारा आकडाच खरा धरा. त्याआधीच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नका.

आकडा खरा धरायचा तर मापकही खरा हवा. स्वस्त डिजिटल मापक चार-पाच टक्क्यांनी सहज चुकतात, आणि इथे 62 आणि 67 यांत चांगला माल आणि बुरशी इतकं अंतर आहे. त्यासाठी मिठाची कसोटी घ्या. बाटलीच्या टोपणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यावर थेंब थेंब पाणी टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. हे टोपण आणि मापक एका रिकाम्या बरणीत शेजारी ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका, झाकण घट्ट लावा आणि एक दिवस हलवू नका. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला अशा बंद हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिर होते. मापक 71 दाखवत असेल तर तो 4 ने कमी दाखवतो. पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘अधिक 4’ लिहून ठेवा. प्रत्येक मापकाची चूक वेगळी असते, म्हणून प्रत्येकाची वेगळी कसोटी घ्या. ही कसोटी हंगाम सुरू होण्याआधी उरकलेली बरी. माल बरणीत गेल्यावर कोणाला सवड नसते.

आता आकडे. मुरवण्यासाठी 58 ते 62 टक्के ही उत्तम पातळी. मानकं ठरवणाऱ्या एएसटीएम या संस्थेने वाळलेल्या फुलोऱ्यासाठी जल-सक्रियता (मालातलं किती पाणी बुरशीला वापरता येतं याचं माप) 0.55 ते 0.65 अशी ठरवली आहे, म्हणजे बंद बरणीतल्या भाषेत 55 ते 65 टक्के. 65 च्या वर गेलात की बुरशीला दार उघडायला सुरुवात होते. 62 ते 65 च्या दरम्यान आकडा असेल तर रोज थोडा वेळ झाकण उघडा, काम भागेल. 65 ते 70 असेल तर झाकण काढून बरणी दोन-चार तास तशीच उघडी ठेवा, मग पुन्हा बंद करून दुसऱ्या दिवशी वाचा. 70 च्या पुढे असेल तर बरणीशी खेळत बसू नका. सगळा माल बाहेर काढा, जाळीवर किंवा स्वच्छ कागदावर एका थरात पसरा, सावलीत आणि हलत्या हवेत काही तास ते एक दिवस ठेवा.

असं का, ते एका हिशेबातून स्पष्ट होईल. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर हवेत, ती पूर्ण दमट असली तरी, जेमतेम 17 मिलिग्रॅम पाणी मावतं. आणि 100 ग्रॅम फुलोऱ्यात 12 टक्के ओलावा असेल तर त्यात 12 ग्रॅम पाणी असतं. झाकण उघडून क्षणभरात लावलं तर बाहेर जातात काही मिलिग्रॅम, काढायचं असतं एखादा ग्रॅम. दिवसातून चार वेळा झाकण उघडझाप केल्याने ओला माल कोरडा होत नाही, हे मनावर ठसवून घ्या. हवा देण्याचा उपयोग वेगळा आहे: कोंडलेली हवा बदलते, ताजा प्राणवायू आत जातो आणि वास घेऊन माल तपासायची संधी मिळते. ओल खरोखर कमी करायची तर झाकण तासन् तास उघडं हवं, नाहीतर माल पसरलेला हवा.

पाऊस आणि ढगाळ हवेत याचीच उलटी बाजू दिसते. खोलीत 80 टक्के आर्द्रता असताना बरणी उघडली तर ओल बाहेर जाण्याऐवजी आत येते. म्हणून एक मापक बरणीबाहेर, खोलीतही ठेवा. खोलीचा आकडा बरणीच्या आकड्यापेक्षा कमी असेल तेव्हाच झाकण उघडा. पहाटे हवा सगळ्यात दमट असते आणि दुपारी सहसा सगळ्यात कोरडी, म्हणून हवा द्यायचं काम दुपारी करा. सलग झड असेल तर हवा कोरडी करणाऱ्या यंत्राशिवाय किंवा कोरड्या बंद खोलीशिवाय बरण्या भरूच नका. माल आणखी दोन दिवस टांगलेला राहिला तरी चालतो.

बरणी तीन चतुर्थांश भरा, दाबून नको. मापक मधल्या थरात ठेवा. वर ठेवला तर वरच्या हवेचाच अंदाज येतो. जागा अंधारी आणि थंड हवी, 15 ते 20 अंशांच्या आसपास. उजेडाने औषधी घटक झिजतात आणि उष्णतेने सुगंधी तेलं उडतात. थंड खोलीतून बरणी एकदम उबदार जागी नेलीत तर आकडा डळमळतो, अशा वेळी काही तास थांबूनच वाचा. वेगवेगळ्या दिवशी काढलेला माल एका बरणीत मिसळू नका. एकाची ओल दुसऱ्यात जाते आणि कोणता माल ओला होता ते मग कधीच कळत नाही.

पहिल्या आठवड्यात रोज वाचा आणि वही ठेवा: तारीख, वेळ, तापमान, आकडा आणि वास. वासाकडे तर मी आकड्याइतकंच लक्ष द्यायला सांगेन. सुरुवातीला हिरव्या कापलेल्या गवताचा वास येतो, तो दोन-तीन आठवड्यांत ओसरतो आणि मूळ सुगंध वर येतो. पण झाकण उघडताच नाकाला झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर आत हवेविना जिवाणू वाढू लागले आहेत. त्याच क्षणी माल बाहेर पसरा. कुबट वास आला किंवा जाड कळी उकलल्यावर मध्ये करडी-पांढरी लव दिसली तर ती बुरशी आहे. तेवढाच भाग कापून बाकीचा ठेवू नका, बरणीतला सगळा माल बाद करा. असा माल आजारी माणसाच्या फुप्फुसात जाऊ शकतो आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ॲस्परजिलस बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. इथे नुकसानीचा हिशेब मांडायचाच नाही.

आकडा 55 च्या खाली गेला तर मुरणं जवळजवळ थांबतं. अशा वेळी संत्र्याची साल, ओलं पान किंवा पावाचा तुकडा टाकायची जुनी सवय अजून दिसते. करू नका. ओल एकाच जागी साठते आणि सालीबरोबर बुरशीही आत जाते. 58 किंवा 62 टक्क्यांवर आर्द्रता धरून ठेवणाऱ्या तयार पुड्या मिळतात, त्या वापरा. पण माल ओला असताना त्या टाकून तो सुकेल अशी आशा धरू नका. पुडीची शोषण्याची ताकद थोडीच असते.

दुसऱ्या आठवड्यापासून दोन-तीन दिवसांतून एकदा आणि चौथ्यानंतर आठवड्यातून एकदा झाकण उघडलं तरी पुरे. आकडा आठवडाभर एक-दोन टक्क्यांपलीकडे हलला नाही आणि वास स्वच्छ असला की ती बरणी साठवणीला लावा. तिथेही मापक आतच राहू द्या, महिन्यातून एकदा बाहेरूनच वाचा, आणि बरणी सहा महिने ठेवणार असाल तर मध्ये एकदा मिठाची कसोटी पुन्हा घ्या, कारण मापकही कालांतराने सरकतो.