ब्लू नोटची जुनी एलपी घेताना काय बघाल

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या एलपीची पहिली प्रत, म्हणजे पहिल्या खेपेतली तबकडी हवी असेल, तर कव्हरवर भाळू नका, तबकडी बाहेर काढा. संगीत संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती दिव्याखाली तिरकी धरा. तिथे कानासारखी दिसणारी छोटी खूण असेल, तर तबकडी प्लॅस्टीलाइट कारखान्यातली, म्हणजे साधारण १९६६पूर्वीची. खरं तर तो वळणदार 'पी' आहे. जवळच बहुधा 'आरव्हीजी' किंवा 'व्हॅन गेल्डर' असेल, ही ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची खूण. पण तेवढ्यावर पैसे मोजू नका. जुनेच साचे पुढेही वापरले गेले, त्यामुळे व्हॅन गेल्डरची खूण नंतरच्या प्रतींवरही सापडते.

मग लेबलवरचा कंपनीचा न्यूयॉर्कमधला पत्ता वाचा. लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू सर्वांत जुना, १९५७पासून ४७ वेस्ट ६३, त्यानंतर नुसतं 'न्यूयॉर्क यूएसए', आणि १९६६नंतर ब्लू नोट विकत घेणाऱ्या लिबर्टी कंपनीचं नाव. फसगत होते ती इथेच: लिबर्टीने शिल्लक राहिलेली जुनी लेबलं वापरून टाकली. पत्ता जुना आणि कान गायब, तर ती बहुधा पहिली प्रत नव्हे, विक्रेता काहीही म्हणो.

पत्ता अल्बमच्या काळाशीही जुळवा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा 'ब्लू ट्रेन' (कॅटलॉग क्रमांक बीएलपी १५७७) सप्टेंबर १९५७मध्ये ध्वनिमुद्रित झाला. त्याच्या प्रतीवर 'न्यूयॉर्क यूएसए' असेल, तर कान असूनही ती नंतरची. दोन्ही बाजू तपासा, लेबलं वेगवेगळी असू शकतात.

नुसतं ऐकायचं असेल, तर जपानी पुनर्मुद्रण घ्या; बहुधा स्वस्त पडतं आणि खरखर कमी.